बाकामागचा उंच माणूस

लॅरी रॉबिन्सनने नॅशनल हॉकी लीगमध्ये २० हंगाम काढले, साखळीचे १३८४ सामने खेळला आणि त्यात २०८ गोल केले. साडेसहा सामन्यांमागे जेमतेम एक. त्याच लीगमध्ये वेन ग्रेट्झकीने एकट्या १९८१-८२च्या हंगामात ९२ गोल केले होते. तरीही बर्फावरच्या हॉकीतला उत्तम बचाव कसा असतो, असं कोणी विचारलं तर मी रॉबिन्सनचं नाव घेतो. आणि खेळाचा उत्तम शिक्षक कसा असतो, असं विचारलं तरी त्याचंच.

मी मूळचा खडकीचा. धनराज पिल्लेचं गाव म्हणून लोक खडकीला ओळखतात. आमच्याकडे पोरांच्या हातात बॅटीच्या आधी हॉकी स्टिक यायची. मी फुलबॅक खेळायचो, क्लबच्या पातळीवर. ज्याने ही जागा खेळली आहे त्याला ठाऊक असतं, की गोल झाला की प्रेक्षक गोल मारणाऱ्याकडे बघतात आणि गोल खाल्ला की आपल्याकडे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने ईस्ट रदरफर्डच्या बंदिस्त स्टेडियममध्ये डेव्हिल्स या संघाचा सामना दाखवायला नेलं. तिकिटं अगदी वरच्या रांगेतली होती, त्यामुळे सगळा बर्फ नकाशासारखा समोर पसरलेला दिसत होता. पहिल्या दिवसापासून माझी नजर बचावपटूंवर गेली.

आपल्या वाचकांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाचं मैदान, भोवती फळ्यांची भिंत. एका बाजूचे सहा जण बर्फावर: गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूऐवजी रबराची घट्ट चकती, तिला पक म्हणतात. व्यास तीन इंच, जाडी एक इंच. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पण सगळी मिनिटं कोणी खेळत नाही. पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळायचं, दम संपला की बाकाकडे धाव घ्यायची आणि दुसऱ्याने भिंतीवरून उडी मारून आत यायचं, तेही खेळ चालू असताना. पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं.

आता बचावपटूचं काम बघा. समोरचा गडी पूर्ण वेगाने चाल करून येतो आणि हा त्याच्याकडे तोंड करून, उलटा, मागे मागे सरकत असतो, जवळपास त्याच वेगाने. दोघांमधलं अंतर हाच सगळा खेळ. जास्त अंतर ठेवलं तर समोरच्याला नेम धरायला वेळ मिळतो. कमी ठेवलं तर तो हुलकावणी देऊन बाजूने निसटतो. पकाकडे बघत बसायचं नाही, समोरच्याच्या छातीकडे बघायचं. स्टिकवरचा पक फसवू शकतो, धड फसवत नाही. मुरलेला बचावपटू धडक देण्याची घाई करत नाही. कबड्डीतला कसलेला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याला आपल्याला हव्या त्या बाजूला येऊ देतो, तसा तो समोरच्याला मधली वाट बंद करून हळूहळू भिंतीकडे नेतो. तिथे जागाच उरत नाही.

रॉबिन्सनची उंची सहा फूट चार इंच आणि वजन शंभर किलोंच्या वर. जन्म २ जून १९५१चा, कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातला. ओटावाजवळच्या मार्व्हलव्हिल या छोट्या वस्तीत घरचा दुभत्या गाईंचा गोठा होता, त्या कामातच तो वाढला. १९७१च्या खेळाडू निवडीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने पहिल्याच क्रमांकावर गी लाफ्लरला घेतलं. मग आणखी दोघांना घेतलं आणि नंतर विसाव्या क्रमांकावर रॉबिन्सनला. लगेच मोठ्या संघात जागा मिळाली नाही. हॅलिफॅक्सच्या दुय्यम संघात त्याला दीड हंगाम काढावा लागला. तिथला प्रशिक्षक अल मॅकनील स्वतः जुना बचावपटू होता. मला हा योगायोग महत्त्वाचा वाटतो. बचाव हा बचावपटूकडूनच शिकावा. गोल मारण्यात आयुष्य गेलेला माणूस त्यातलं निम्मंच सांगू शकतो.

जानेवारी १९७३मध्ये तो मॉन्ट्रियलला आला आणि त्याच वसंतात संघाने स्टॅन्ली कप जिंकला. लीगचं विजेतेपद म्हणजे हा कप. पुढे १९७६ ते १९७९ सलग चार वर्षं आणि पुन्हा १९८६मध्ये, असे खेळाडू म्हणून सहा कप त्याच्या वाट्याला आले. सर्ज सवार्ड, गी लापॉइंट आणि रॉबिन्सन या तिघा बचावपटूंना मॉन्ट्रियलमध्ये ‘बिग थ्री’ म्हणत. त्या काळी फिलाडेल्फिया फ्लायर्स हा संघ मारामारीच्या जोरावर १९७४ आणि १९७५चा कप घेऊन बसला होता. १९७६च्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात रॉबिन्सनने फ्लायर्सच्या गॅरी डॉर्नहोफरला अशी धडक दिली, की मागची फळी आत गेली आणि ती ठोकून सरळ करायला खेळ थांबवावा लागला. मॉन्ट्रियलने ती फेरी सरळ चार सामन्यांत जिंकली.

ही धडक सगळे सांगतात. माझ्या लेखी त्याच्या पुढच्या हंगामातला १२० हा आकडा मोठा आहे. हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंचे गडी सारखे असताना तुम्ही बर्फावर आहात आणि तुमच्या संघाने गोल केला, तर तुमच्या नावावर अधिक एक. खाल्ला तर उणे एक. गोल कोणी मारला याच्याशी संबंध नाही. १९७६-७७मध्ये रॉबिन्सनचा आकडा अधिक १२० होता. लीगच्या इतिहासात त्याहून मोठा एकच, बॉबी ऑरचा १२४, १९७०-७१चा. त्या हंगामात मॉन्ट्रियलने ८० सामन्यांपैकी फक्त ८ गमावले. त्या वर्षी आणि १९८०मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याला मिळाली आणि १९७८मध्ये बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी. तो नुसता अडवत नव्हता. पक हिसकावून घेतला की स्वतः पुढे घेऊन जायचा, नाहीतर पहिलाच पास असा द्यायचा की समोरचा संघ उलटा पडायचा. त्याच्या नावावर ७५० गोलसाहाय्य आहेत ती त्यामुळेच.

पोलोचा त्याला भारी नाद. १९८७मध्ये पोलो खेळतानाच त्याचा पाय मोडला होता. मणिपुरातून जगभर गेलेला खेळ ओटावाजवळच्या शेतकऱ्याच्या पोराला लळा लावतो, याचं मला अजून कौतुक वाटतं. १९८९मध्ये तो लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला आणि तीन हंगामांनी निवृत्त झाला. २०च्या २० हंगामांत त्याचा संघ बाद फेरीत पोचला होता.

१९९३मध्ये डेव्हिल्सने जॅक लेमेअरला मुख्य प्रशिक्षक नेमलं. लेमेअर हा रॉबिन्सनचा मॉन्ट्रियलमधला जुना साथीदार. त्याने बचावपटूंची जबाबदारी रॉबिन्सनकडे सोपवली, आणि वरच्या रांगेतून मला तो उंच माणूस बाकामागे दिसू लागला. सहायक प्रशिक्षकाचं काम टीव्हीवर फारसं दिसत नाही. पुढची जोडी कोणती पाठवायची हे तो सेकंदासेकंदाला ठरवतो, खांद्यावर हात ठेवून नाव सांगतो. कोणी चूक करून बाकावर परतला की लगेच बोलत नाही. मी रॉबिन्सनला बघत असे तेव्हा तो त्या खेळाडूला श्वास घेऊ द्यायचा आणि मग वाकून, कानाशी, दोन वाक्यं बोलायचा. ओरडताना तो मला क्वचितच दिसला.

त्याच्या हाताखाली दोन अगदी वेगळे स्कॉट होते. स्कॉट स्टीव्हन्स हा धडकेचा माणूस, संघाचा कर्णधार. स्कॉट नीडरमेयर जेमतेम विशीचा, वाऱ्यासारखा सरकणारा, सतत पुढे जाऊ बघणारा. रॉबिन्सनच्या अंगात हे दोन्ही गुण होते, म्हणून दोघांशीही तो त्यांच्या भाषेत बोलू शकत होता, असं मला वाटतं. रॉबिन्सनच्या तिथल्या पहिल्याच हंगामात स्टीव्हन्सचा आकडा अधिक ५३ झाला आणि गोल व गोलसाहाय्य मिळून कारकिर्दीतले सर्वाधिक ७८ गुण त्याने मिळवले. नीडरमेयरने पुढे २००४ची नॉरिस ट्रॉफी जिंकली. खेळ सोडल्यावर दोघेही प्रशिक्षणाकडे वळले.

१९९५मध्ये डेव्हिल्सने पहिला कप जिंकला, तोही डेट्रॉइटला सलग चार सामन्यांत हरवून. डेट्रॉइटचा प्रशिक्षक होता स्कॉटी बोमन. मॉन्ट्रियलमध्ये लेमेअर आणि रॉबिन्सन ज्याच्या हाताखाली घडले, तोच. लेमेअरच्या पद्धतीवर टीका खूप झाली. मधली पट्टी माणसांनी भरून समोरच्याला गुदमरवायचं, यात करमणूक नाही, असं लोक म्हणत. मला ती टीका कधीच पटली नाही. संघाने आपल्या ताकदीप्रमाणे खेळावं आणि जिंकावं.

मग लॉस एंजेलिसने रॉबिन्सनला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. चार हंगामांत संघ एकदाच, १९९८मध्ये, बाद फेरीत गेला आणि पहिल्याच फेरीत चारही सामने हरला. १९९९मध्ये रॉबिन्सन पुन्हा डेव्हिल्सकडे आला, सहायक म्हणून. मार्च २०००मध्ये साखळीचे आठ सामने उरले असताना डेव्हिल्सने मुख्य प्रशिक्षक रॉबी फ्टोरेकला काढलं आणि संघ रॉबिन्सनच्या हाती दिला.

उपांत्य फेरीत फिलाडेल्फियाने चौथा सामना जिंकून ३-१ अशी आघाडी घेतली. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये या शांत माणसाने कचऱ्याचा डबा लाथाडला आणि खेळाडूंना कडक शब्दांत सुनावलं. तो रोज ओरडणारा असता तर त्या डब्याकडे कोणी वळूनही बघितलं नसतं. संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले. सातव्या सामन्यात स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला दिलेली धडक मात्र मला पुन्हा बघवत नाही. ती तेव्हाच्या नियमात बसत होती. लिंड्रॉस बर्फावर निपचित पडला आणि त्याच्या डोक्याला आधीच किती मार बसलेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. डोक्यावरच्या धडकांबाबत लीगने २०१०मध्ये नियम कडक केला. तो फार आधी व्हायला हवा होता.

अंतिम फेरीत डॅलसविरुद्ध सहाव्या सामन्यात, दुसऱ्या जादा भागात, जेसन आर्नॉटने गोल केला आणि कप न्यू जर्सीला आला. त्या सामन्यात जबर धडक बसून पेट्र सिकोरा हॉस्पिटलमध्ये होता. सगळे बर्फावर नाचत असताना रॉबिन्सनने सिकोराची जर्सी अंगावर चढवली होती. कोटावर जर्सी घातलेला तो प्रशिक्षक मी टीव्हीवर पाहिला तेव्हा घरात आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

पुढच्या वर्षी डेव्हिल्स अंतिम फेरीत कोलोरॅडोकडून सातव्या सामन्यात हरले आणि जानेवारी २००२मध्ये रॉबिन्सनला पदावरून दूर केलं गेलं. तो रुसून बसला नाही. त्याच संघात दुय्यम काम घेऊन परतला आणि २००३च्या कपात त्याचाही वाटा होता. मुख्य प्रशिक्षक पॅट बर्न्स कर्करोगाने आजारी पडला म्हणून २००५मध्ये पुन्हा मुख्य पद रॉबिन्सनकडे आलं. १९ डिसेंबरला त्याने राजीनामा दिला. ताण सोसवत नाही, डोकं दुखतं, हे त्याने उघडपणे सांगितलं. मोठमोठ्या खेळाडूंच्या तोंडून असं ऐकण्याची तेव्हा सवय नव्हती. मला वाटतं, समोरून येणारा वेग आणि आपल्याजवळची जागा यांचा अंदाज घेण्यात ज्याची हयात गेली, त्यालाच हे इतक्या स्वच्छपणे कळतं.

नंतर तो पुन्हा बचावपटूंच्या शिकवणीला लागला. डेव्हिल्स, मग २०१२पासून सॅन होजे, आणि अखेर सेंट लुईस ब्लूजचा सल्लागार. ब्लूजने २०१९मध्ये आपला पहिला स्टॅन्ली कप जिंकला; रॉबिन्सनचा तो दहावा.

आपल्याकडे सहायक प्रशिक्षक म्हणजे मुख्य प्रशिक्षक न होऊ शकलेला माणूस, असा समज आहे. शाळांच्या मैदानांवर आणि क्लबांमध्ये तो मी अजून ऐकतो. रॉबिन्सनच्या दहा कपांपैकी मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकलेला फक्त एक आहे. तुमच्या मुलाच्या संघात बचावाची बाजू शिकवणारा कोणी असेल तर त्याचं नाव विचारून घ्या आणि सामना संपल्यावर त्यालाही जाऊन भेटा.