रक्ताळलेली भाकर आणि गुलाबी जंतू

पावसाळ्यात नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या न्हाणीघरात, फरशीच्या सांध्यांत किंवा बादलीच्या तळाशी कधीकधी गुलाबी, बुळबुळीत थर धरतो. घासून काढला तरी तो काही दिवसांत पुन्हा दिसू लागतो. अशा थरात अनेकदा ‘सेराशिया मार्सेसन्स’ नावाचा जंतू असतो. ओलसर, पिष्टमय अन्नावर तो वाढला की रक्तासारखा लाल दिसतो. त्यामुळेच या जंतूचे नाव ख्रिस्ती धर्मातील एका चमत्काराशी जोडले गेले आहे.

कॅथलिक मिस्सेत धर्मगुरू गव्हाच्या पातळ, बेखमीर भाकरीवर प्रार्थना म्हणतात आणि ती भाविकांना देतात. हाच ख्रिस्तप्रसाद. या भाकरीत येशू ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. १२६३ मध्ये इटलीतील बोल्सेना गावी, याच गोष्टीविषयी मनात शंका असलेला एक धर्मगुरू मिस्सा अर्पण करत होता. तेव्हा भाकरीतून रक्त ठिबकले आणि वेदीवरचे वस्त्र डागाळले, असे परंपरा सांगते. ते वस्त्र ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये आजही जपलेले आहे.

पुढे १८१९ च्या दमट उन्हाळ्यात पादुआजवळच्या लेन्यारो गावात एका शेतकऱ्याच्या घरी मक्याची शिजवलेली पोलेंता लालभडक झाली. गावकरी घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने ताजी पोलेंता दमट जागी ठेवून तिच्यावर तोच लाल रंग पुन्हा वाढवून दाखवला. हा सजीवाचा प्रताप आहे, असे सांगून त्याने त्याला ‘सेराशिया’ हे नाव दिले. बोल्सेनातही असेच घडले असेल का? शक्यता आहे, पण ती केवळ शक्यताच. साडेसातशे वर्षांपूर्वीची भाकर आज तपासता येत नाही.

हा जंतू दीर्घकाळ निरुपद्रवी मानला गेला. आज मात्र तो रुग्णालयांची डोकेदुखी आहे. लघवीची नळी, शिरेतील सलाइनची नळी, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग अशा ठिकाणी तो संसर्ग घडवतो आणि अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. धडधाकट माणसाला न्हाणीघरातल्या थराची भीती नाही; पण घरात नळी घातलेला रुग्ण असेल तर तो थर वेळच्या वेळी काढावा आणि नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

चमत्काराचा दावा झाला की चर्चही लगेच मान डोलावत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यात २०१५ मध्ये, गोव्यामुळे आपल्याला परिचित असलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाच्या चर्चमध्ये, एक भाकर लाल झाली. स्थानिक धर्मप्रांताने चौकशी केली आणि ती बहुधा पावावरची तांबडी बुरशी असावी, असे जाहीर केले. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील विळक्कन्नूर येथे १५ नोव्हेंबर २०१३ रोजी भाकरीवर चेहऱ्यासारखी आकृती दिसली. तिला चर्चची मान्यता मिळायला २०२५ साल उजाडले. अशी मान्यता मिळालेल्या चमत्कारावरही विश्वास ठेवलाच पाहिजे, असे बंधन कॅथलिकांवर नसते.

कारण मूळ श्रद्धा अशा खुणांवर उभी नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ती सविस्तर मांडली. रंग, चव, वास हे इंद्रियांना कळणारे गुण भाकरीचेच राहतात. बदलते ते तिचे मूळ तत्त्व. म्हणजे वसईतल्या एखाद्या मराठी मिस्सेतली भाकर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिथे गहूच दिसेल, हे धर्मगुरूलाही मान्य असते. प्रयोगशाळा गुण तपासते. तत्त्वाचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

हा फरक काही रुग्णांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. सीलिअॅक आजारात गव्हातील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्याच अस्तरावर हल्ला चढवते. ख्रिस्तप्रसादातल्या ग्लुटेनलाही आतडे तसाच प्रतिसाद देते. मधुमेह्याला सत्यनारायणाचा शिरा नाकारताना वाटतो, तसाच संकोच अशा रुग्णाला वेदीपुढे वाटतो. त्यावर चर्चने वाट काढली आहे. पूर्णपणे ग्लुटेनविरहित भाकर चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते, असे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेही सोसत नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद घेता येतो आणि तो तितकाच पूर्ण मानला जातो.

म्हणून सतत जुलाब, न भरून येणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांना भेटून रक्ततपासणी करून घ्यावी. तपासणीआधी मनानेच गहू बंद करू नये. नाहीतर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. निदान झाल्यावर आपल्या फादरांशी मोकळेपणाने बोलावे. पथ्य पाळल्याने श्रद्धा उणावत नाही.