संगणकाची मांडणी आणि पर्यायांचा पसारा

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. केंद्र व राज्य सरकारांच्या कार्यालयांना ती संगणकसेवा पुरविते. दिल्लीतील शास्त्री पार्क, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे तिची मोठी माहिती केंद्रे आहेत. अशा कोणत्याही केंद्रात अनेक संगणक एकाच कामास लावलेले असतात. त्यांपैकी एकावर आज्ञावलीची जुनी आवृत्ती राहून गेली, तर नागरिकाचा तोच अर्ज एकदा स्वीकारला जातो आणि दुसऱ्यांदा नाकारला जातो. दोष शोधणेही कठीण होते.

सर्व संगणक सारखे राखण्याच्या पद्धतीस विन्यास-व्यवस्थापन म्हणतात. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ तयार केले. २००५ मध्ये ल्यूक केनीज यांचे ‘पपेट’ आले. यांत चालकाने एकेक कृती सांगावयाची नसते, तर अंतिम स्थितीचे वर्णन करावयाचे असते: अमुक आज्ञावली बसविलेली असावी, तिची फाइल अशी असावी, सेवा चालू असावी. प्रत्यक्ष स्थिती निराळी आढळली तरच बदल केला जातो. एका आज्ञावलीसंबंधीचे असे वर्णन एकत्र बांधले म्हणजे ‘मॉड्यूल’ होते. ते एकाने लिहावे व अनेकांनी वापरावे, हा त्याचा हेतू होय.

अनेकांच्या गरजा मात्र सारख्या नसतात. एकाला आज्ञावली नेहमीच्या भांडारातून हवी असते, दुसऱ्याला थेट निर्मात्याकडून. तिसऱ्याचे संगणक सुरक्षिततेसाठी इंटरनेटपासून तोडलेले असल्याने तो स्थानिक प्रतीवरून ती बसवितो. प्रत्येक मागणीसाठी ‘होय-नाही’ स्वरूपाचा एक पर्याय वाढतो. असे तीन पर्याय असल्यास ८ प्रकार संभवतात, दहा असल्यास १,०२४. एवढ्यांची चाचणी कोणीही घेत नाही. शिवाय काही पर्याय परस्परविरोधी असतात. दोन्हींना ‘होय’ म्हटल्यास आज्ञावली कोठून घ्यावी, हे मॉड्यूलला कळत नाही.

यावर उपाय असा, की अनेक प्रश्नांऐवजी ‘कोठून?’ हा एकच प्रश्न ठेवावा आणि त्याची मोजकी उत्तरे निश्चित करावीत. उत्तर न दिल्यास बहुतेकांना चालणारा मार्ग आपोआप घेतला जावा. भांडाराची जोडणी करण्याचे काम दुसऱ्या मॉड्यूलकडे सोपवावे.

तथापि जुना पर्याय एकाएकी काढून टाकल्यास त्यावर विसंबलेले काम बंद पडते. म्हणून आधी काही काळ तो चालू ठेवून इशारा द्यावा. मगच तो काढावा आणि आवृत्तीचा पहिला अंक वाढवावा, म्हणजे बदल मोठा आहे हे वापरणाऱ्यास समजते. स्थानिक प्रतीचा मार्ग तर राखलाच पाहिजे. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकांना दुसरा मार्गच नसतो.