घराला खोली वाढवायचीय? चिरे उतरवण्याआधी हे वाचा



१ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर बंद. पाऊस लागण्याआधी, मे महिन्यात, वाड्यावर घरांची कामे निघतात. कुणाची कौले फुटलीत, कुणाच्या मुलाचे लग्न ठरलेय म्हणून मागे खोली हवी. मग सोसायटीत ठरलेला प्रश्न येतो, "आपल्याच घराला परवानगी कसली?"

साधा हिशोब ध्यानात ठेवा. दुरुस्ती वेगळी, वाढ वेगळी.

फुटकी कौले बदलणे, गिलावा, रंग, लादी ही दुरुस्ती. घराचे माप बदलत नाही. पण पडवीला भिंत घालून खोली काढली, कौले काढून स्लॅब टाकला, वर मजला चढवला, मागे स्वयंपाकघर पुढे सरकवले, की ते बांधकाम झाले. त्याला गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीची लेखी परवानगी लागते. पालिका हद्दीत पालिकेची. "सरपंच हो म्हणाले" ही परवानगी नव्हे.

आपल्यासाठी दुसरी पायरीही आहे, ती सीआरझेडची. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर हा ना-विकास पट्टा. नदी-खाडीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतले जे कमी ते. या पट्ट्यात जुने अधिकृत घर दुरुस्त करता येते, पण जोते आणि चटई क्षेत्र वाढवता येत नाही. पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना १०० ते २०० मीटरमध्ये राहत्या घराची सवलत आहे, मात्र ती आपोआप मिळत नाही, मंजुरी घ्यावी लागते.

"आता ५० मीटरच राहिले" असेही कानावर येते. ते २०१९ च्या अधिसूचनेत आहे, पण दाट वस्तीच्या गावांसाठी, आणि नवा किनारी आराखडा मंजूर झाल्यावरच. त्या भरवशावर पाया खणू नका.

तीन गैरसमज सोडा:

१. घरपट्टी भरली म्हणजे घर कायदेशीर झाले, असे नाही. तो फक्त कर.
२. जाळी ठेवायची खोप म्हणून परवानगी घेतली आणि आत पर्यटक ठेवले, तर ती खोप राहत नाही.
३. शेजाऱ्याने केले म्हणून आपलेही चालेल, असे नाही. एक तक्रार गेली की किनारी क्षेत्र प्राधिकरणाची नोटीस येते. मग खोलीही जाते आणि होडीवर काढलेले कर्जही अंगावर राहते.

आधी हे कागद काढून ठेवा: सर्वे प्लॅन, नमुना १ व १४, १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी घर होते हे दाखवणाऱ्या जुन्या घरपट्टीच्या पावत्या किंवा वीजबिले, आणि मुंडकार असाल तर मामलेदाराकडची नोंद. सीआरझेडची पहिली अधिसूचना त्याच तारखेची, म्हणून त्याआधीचा एक पिवळा पडलेला कागद आज सोन्याच्या मोलाचा. आजोबांच्या पेटीत बघा. उंदीर खाण्याआधी झेरॉक्स काढा.

अर्ज दिलात की पोच घ्या, शिक्क्यासकट. नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका, दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प राहिलेल्याची बाजू कुणी ऐकत नाही.

ज्यांना अर्ज लिहायला जमत नाही, त्यांनी कागद घेऊन सोसायटीत यावे. बसून लिहून देऊ. पण चिऱ्यांचा ट्रक उतरण्याआधी या, नंतर नको.

आपला,
सचिव