इंद्र जिथे दैत्य ठरतो

नवसारीहून सुरतेकडे निघालं की मरोलीनंतर सचिन येतं. आज सचिन म्हटलं की जीआयडीसी आठवते, डाइंग मिल आठवतात, खानदेशातून पोटापाण्यासाठी इकडे आलेली माणसं आठवतात. इतिहासाची आवड असणाऱ्याला सिद्दींचं संस्थान आठवेल. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांनी १७९१ मध्ये बालूमियाँ सिद्दीला हा मुलूख तोडून दिला होता. पण नवसारी ते सुरत या पट्ट्यात त्याच्याही आधी एक गोष्ट घडली. पारशांच्या देवदैत्यांची आणि पापपुण्याची कथा इथूनच जगापुढे गेली, आणि त्या कथेत आपलेही देव निघाले.

१७२०च्या सुमारास इराणातल्या किरमानहून जामास्प विलायती नावाचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, सुरतेला आले. इथल्या धर्मगुरूंना अवेस्ता हा आपला धर्मग्रंथ तोंडपाठ होता, पण त्याचा अर्थ हातून निसटत चालला होता. जामास्पांनी सुरत, नवसारी आणि भरुच इथले तीन शिष्य तयार केले आणि ते मायदेशी परतले. सुरतेच्या शिष्याचं नाव दराब. या शोधकथेचं निम्मं श्रेय मी त्यांना देतो.

उरलेलं निम्मं एका हट्टी फ्रेंच तरुणाचं. सुरतेच्या पारशांकडून मिळालेली वंदिदाद या अवेस्ताच्या भागाची एक पोथी इंग्रजांनी १७२३ मध्ये ऑक्सफर्डला नेली होती. तिथल्या बॉडलियन ग्रंथालयात ती लोखंडी साखळीने भिंतीला अडकवलेली असे. येईल तो पाहुणा बघे, वाचता कुणालाच येत नसे. तिच्या चार पानांची नक्कल १७५४ मध्ये पॅरिसला या तरुणाच्या, आंकतिल-द्यूपेराँच्या, नजरेस पडली. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. ही लिपी वाचणारी माणसं हिंदुस्थानात आहेत, मग तिकडे जायचं, एवढंच त्याने ठरवलं. पैसा नव्हता, म्हणून फ्रेंच कंपनीच्या सैन्यात शिपाई म्हणून नाव घातलं. निघताना गाठोड्यात दोन सदरे, दोन रुमाल, मोज्यांचा एक जोड, हिब्रू बायबल आणि मोंतेनचे निबंध. पुढे सरकारने त्याला तनखा दिला आणि शिपाईगिरी टळली, पण तो पळाला होता शिपाई होऊनच.

१७५५ मध्ये तो पाँडिचेरीला उतरला. तिथून बंगाल, इंग्रजांनी चंद्रनगर घेतल्यावर पुन्हा दक्षिण, मग माहे. शेवटी मराठी मुलूख तुडवत, वाटेत वेरूळची लेणी बघत १ मे १७५८ रोजी तो सुरतेत पोचला.

दराबांनी पैशाच्या बोलीवर शिकवायचं कबूल केलं खरं, पण मनापासून नव्हे. त्यात नवल काय? परधर्माच्या, कुळशील ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती कुळाचं पवित्र धन द्यायचं होतं. शिवाय कालगणनेच्या वादावरून सुरतेच्या पारशांत १७४५ पासून कदमी आणि शहेनशाही असे दोन तट पडले होते. दराब कदमी पक्षाचे. त्यांनी दिलेली वंदिदादची प्रत घेऊन आंकतिल कामाला लागला, पण त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. डच वखारीच्या प्रमुखाने मध्यस्थी केली आणि विरुद्ध तटाचे पुढारी मंचेरजी शेठ यांच्याकडून दुसरी प्रत उसनी मिळाली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हा दराबांची प्रत सदोष आणि तोडलेली निघाली. आंकतिलने ती तफावत दराबांपुढे ठेवली.

माझ्या मते या कथेचा खरा कस इथे लागला. दराब उठून गेले असते तर सारं तिथेच संपलं असतं. ते थांबले, आणि त्यानंतर त्यांनी हातचं राखलं नाही. दोघांना समजणारी भाषा एकच, फारसी. दराब फारसीत उलगडून सांगत आणि आंकतिल शब्दाखाली शब्द उतरवून घेई. १७५९ मध्ये वंदिदाद पुरा झाला. त्याच वर्षी इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. त्याच वर्षी एका फ्रेंच व्यापाऱ्याशी झालेल्या झटापटीत आंकतिलच्या तलवारीने तो व्यापारी मेला, आणि जखमी आंकतिलला इंग्रजांचाच आसरा घ्यावा लागला.

त्या पानांत होतं काय? वंदिदाद हा दैत्यांना दूर ठेवण्याचा कायदा आहे. मृतदेहाने माती, पाणी, अग्नी विटाळणं हे त्यात मोठं पाप. पाणमांजराला मारणाऱ्यासाठी हजारोंनी फटके सांगितले आहेत. आणि हाकलून लावायच्या दैत्यांच्या यादीत नाव आहे इंद्राचं! आपल्या अश्विनीकुमारांचं ‘नासत्य’ हे नावही तिथे दैत्याचंच. उलट सर्वश्रेष्ठ देव तो अहुर, म्हणजे असुर. एकाच घरातून फुटलेल्या दोन भावांपैकी एकाने ज्याला देव्हाऱ्यात बसवलं, त्याला दुसऱ्याने उंबऱ्याबाहेर काढलं. मित्र हा देव मात्र दोन्हीकडे पूज्य राहिला.

यमाची गोष्ट तर अंगावर काटा आणते. तिथला यिम हा सुवर्णकाळाचा राजा. त्याच्या राज्यात थंडी नाही, ऊन नाही, जरा नाही, मरण नाही. अहुर मज्द त्याला बजावतो की भयंकर हिवाळा येतो आहे, तेव्हा बंदिस्त वाडा बांध, उत्तमातली उत्तम माणसं, जनावरं, झाडांची बीजं आत ने. आपल्या मनूला जे पुरात करावं लागलं, ते यिमाने बर्फात केलं. पुढे अवेस्तातल्या एका यश्तात, म्हणजे स्तोत्रात, त्याचं पापही येतं. तो खोटं बोलतो, आणि त्याच क्षणी त्याचं राजतेज पक्ष्याच्या रूपाने उडून जातं. मरण न जाणणारा हा राजा आपल्याकडे मेलेल्यांचा राजा झाला. ऋग्वेदात त्याच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखणीला आहेत. वंदिदादही प्रेतापुढे चार डोळ्यांचा कुत्रा आणायला सांगतो. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, असा त्याचा अर्थ पारशांनी लावला, आणि सगदीदच्या विधीत तसा कुत्रा मृताजवळ आणत.

यातलं निम्मं नातं आंकतिलला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला संस्कृत येत नव्हतं.

१७६१ मध्ये तो मुंबईहून इंग्रजांच्या जहाजाने निघाला. इंग्रज-फ्रेंच युद्ध चालू होतं, म्हणून इंग्लंडात युद्धकैदी ठरला. सुटल्यावर घरी जायच्या आधी ऑक्सफर्डला गेला आणि साखळीतली ती पोथी आपल्या प्रतीशी ताडून पाहिली. मार्च १७६२ मध्ये १८० हस्तलिखितं त्याने पॅरिसच्या राजग्रंथालयात जमा केली. १७७१ मध्ये तीन भागांत अवेस्ताचं भाषांतर छापलं, आणि वादळ उठलं. पंचविशीतला इंग्रज पंडित विल्यम जोन्स त्याच्यावर तुटून पडला. हे लिखाण बनावट आहे, जरथुष्ट्रासारखा एवढा मोठा धर्मसंस्थापक असली बडबड लिहीलच कशी, असा त्याचा सूर. हाच जोन्स पुढे कलकत्त्यात संस्कृतचा महिमा गायला, पण आंकतिलच्या माथ्यावरचा डाग पुसायला त्याचा उपयोग झाला नाही. १८०५ मध्ये आंकतिल वारला, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

१८२६ मध्ये डेन्मार्कच्या रास्क या भाषापंडिताने अवेस्ताची भाषा अस्सल असून संस्कृतची जवळची नातलग आहे, हे दाखवून दिलं. मग फ्रेंच पंडित ब्यूर्नूफ पुढे आला. आंकतिलने आणलेल्या बाडांत यस्ना या अवेस्तातल्या पूजापाठाचं एक संस्कृत भाषांतर पडून होतं. मध्ययुगात गुजरातेतल्या नेर्योसंग धवल या पारशी मोबेदाने, म्हणजे पुरोहिताने, ते केलं होतं. ब्यूर्नूफने ते अवेस्ताशी ओळीओळीने लावून पाहिलं, आणि १८३३ मध्ये त्याचं यस्नावरचं भाष्य छापून येऊ लागलं. दराबांच्या परंपरागत अर्थात जिथे गाडी अडली होती तिथे वाट मोकळी झाली. वाद संपला. पोथी इथली, सांगणारा इथला आणि कुलूप उघडणारी किल्लीही इथल्याच माणसाने घडवलेली.

ही विद्या मग परतही आली. मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा युरोपात जाऊन अवेस्ताचं नवं व्याकरण शिकले आणि १८६१ मध्ये त्यांनी मुंबईत वर्ग सुरू केला. ज्या मोबेदांनी पिढ्यान्‌पिढ्या हे मंत्र मुखोद्गत जपले होते, त्यांची मुलं त्या वर्गात एकेक शब्दाची विभक्ती सोडवू लागली.