माळ्यावरची पत्र्याची पेटी

आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद लावले, घरचे मात्र तसेच राहिले. निवृत्तीला सात महिने झाले तरी माळ्यावरची पेटी खाली आली नव्हती. शेवटी दिवाळीच्या आवराआवरीत हिनं निर्वाणीचं सांगितलं, "पेटी बघा, नाहीतर भंगारवाल्याला हाक मारते." मग एका दुपारी, नगरच्या घरात, पंखा बंद करून बसलो. पंख्याच्या वाऱ्यानं जुना कागद उडाला की फाटलाच समजा.

वरच भोकाचा पैसा निघाला. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं पैशाच्या मधोमध भोक पाडलं. १९४३ ते १९४७ ही नाणी निघाली. असे चौसष्ट म्हणजे एक रुपया. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हा मात्र आजीनं करगोट्यात ओवून माझ्या कमरेला बांधला होता. असला पैसा लाखाला विकला जातो, अशा मोबाइलवरच्या बातम्या वाचून कुणी हुरळून जाऊ नये.

पैशाखाली हातोडी होती, आईची. दांडा तळहाताच्या घामानं गुळगुळीत झालेला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि पोरांना सुकडी, एवढंच मला आठवतं. त्याच काळात राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ सालचा. देशानं तसा कायदा करायला २००५ उजाडलं.

त्याच पेटीत कारखान्याच्या शेअरची पावती होती. आईचं माहेर बाभळेश्वरकडचं, मामांनी आठवण म्हणून ती दिलेली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तरेकडची शिवारं भिजली. त्याच भागात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे पैसे गोळा करून सहकारी साखर कारखाना काढला. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. १९५० साली उभा राहिलेला हा कारखाना आशिया खंडातला पहिला म्हणून नावाजला. माहेरी शेअरची पावती आणि सासरी खडीची हातोडी! आमचा जिल्हा समजावून सांगायला नकाशा कशाला हवा?

तळाशी पणजोबांचे मोडी कागद होते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. बोरू शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. १९५० च्या सुमारास ती शाळेतून उठली आणि घराघरातले कागद मुके झाले. तरी साल बहुतेक वेळा काढता येतं. शके असेल तर ७८ मिळवा. महसुलाच्या कागदावर फसली साल असतं, त्यात ५९०. हे साल मृगाच्या सुमारास बदलतं, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. आमच्या कागदावर फसली १३३८ होतं, म्हणजे १९२८-२९. बाकीचं वाचायचं तर पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. नोकरीत असताना सवड नव्हती, आता सबब उरली नाही.

असे कागद कुठे द्यायचे, हेही पुष्कळजण विचारतात. नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० मध्ये सुरू झालं, त्यात मिरीकर सरदारांच्या घराण्याचा मोठा हात होता. तिथली दोनशे फूट लांबीची जन्मपत्रिका पाहिली तेव्हा वाटलं, हीसुद्धा कुणाच्या तरी घरचीच ठेव. ती कुणी रद्दीत घातली असती तर?

घरीच ठेवायचे असतील तर एक कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. त्या प्लॅस्टिकमधून कागद पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टीचा डिंकही काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. कसरीला खळ आणि ओल आवडते, म्हणून पेटी कोरडी हवी. पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. धुतलेलं जुनं सुती धोतर आपल्यालाही पुरे. आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कुणाची, कुठली, कधीची. ती नसली तर आईची हातोडी नातवंडांच्या लेखी नुसतं लोखंड.

शेवटी एक फोटो हाती आला. रंगवलेल्या पडद्यापुढे दोन बायका. एक आई, दुसरी ओळखू येईना. मागे स्टुडिओचा शिक्का आणि १९७४ साल. नावं नाहीत. इतरांना चिठ्ठी ठेवा म्हणणारा मी, घरचा फोटो मात्र असा. पाथर्डीला आत्याला फोन लावला.

"आत्या, आईबरोबर तूच आहेस का गं?"

"हातात गोठ हायेत का बघ."

"आहेत."

"मंग ती मी न्हाई बाबा. माझे गोठ बहात्तरातच मोडले, दाण्यापायी."

मऊ पेन्सिल घेऊन फोटोच्या मागे आईचं नाव लिहिलं आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडली.