तानूबाईंची खुर्ची रिकामी का?

काही दिवसांपूर्वी एक मुलगी आम्हाला भेटायला कार्यालयात आली. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी पत्रकारितेची पदवीधर, तीही पहिल्या वर्गात. दोन वर्षांत तिच्या तीन नोकऱ्या झाल्या होत्या आणि तिन्ही सुटल्या होत्या.

पहिली नोकरी एका वर्तमानपत्रात. नेमणूक बातमीदार म्हणून, पण तिसऱ्याच महिन्यात दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींचे टार्गेट गळ्यात पडले. दुसरीकडे, एका वाहिनीत, मुलाखतीचा पहिलाच प्रश्न होता, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" आणि शेवटचा शेरा होता, "पडद्यासाठी चेहरा जरा वेगळा लागतो." तिसरी नोकरी मार्केटिंगची. दिवसभर उन्हात फिरायचे, गाडीभाडे स्वतःच्या खिशातून भरायचे आणि टार्गेट हुकले की पगार कापून घ्यायचा. हे सारे तिने रडगाणे न गाता सांगितले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "जयभीम सर, या धंद्यात आमच्यासाठी जागाच नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज देणार आहोत. ते देताना आमची स्वतःचीही झाडाझडती होणार आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

जागा नाही, असे म्हणणे म्हणजे इतिहास विसरणे होय. जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर काय काय गुदरले, हे एका शाळकरी मुलीने छापील कागदावर मांडले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषी ढोंगाची सालटी काढली. आणि १९०६ साली, वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर, त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधू'ची सूत्रे हाती घेतली. १९१२ पर्यंत त्यांनी हे पत्र चालवले. भारतातील पहिली स्त्री संपादक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. त्याही जोतिरावांच्याच शाळेत शिकलेल्या.

म्हणजे ही परंपरा कुणाच्या मेहेरबानीने आम्हाला मिळालेली नाही. ती आमची आहे, आमच्या मायबहिणींनी उभी केलेली आहे! मग प्रश्न असा उरतो की, शंभरहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर बहुजन समाजातील किती स्त्रिया आज दैनिकांच्या संपादकाच्या खुर्चीवर बसल्या आहेत? हाताची बोटे मोजायला घेतली तर बहुतेक बोटे तशीच मिटलेली राहतात.

याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांची पाहणी केली. निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची सामाजिक पार्श्वभूमी तपासली, तेव्हा त्यांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. स्त्रियांचे प्रमाण होते अवघे १७ टक्के. पुढे २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजदाद केली. वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळांमधील नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. तेरा वर्षे गेली, सरकारे बदलली, शाईची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली. खुर्चीवरचा माणूस मात्र त्याच घरचा राहिला.

या दोन आकड्यांच्या फटीत आमची बहीण अडकलेली आहे. स्त्रियांना संधी मिळाली म्हणून जो गौरव होतो, त्यात बहुतेक वेळा शहरी, उच्चवर्णीय, इंग्रजी शाळेतल्या स्त्रिया दिसतात. दलितांना संधी मिळाली असे म्हणावे, तर तिथे पुरुष दिसतात. दोन्ही रांगांत आमची बहीण शेवटी उभी असते आणि खिडकी बंद होते.

कोणी म्हणेल, बातमी ही बातमी असते, ती कोण लिहितो याने काय फरक पडतो? फरक पडतो आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना या हत्याकांडाची नीट दखल घ्यायला आठवडेच्या आठवडे लागले. आणि सुरुवातीला जे छापून आले, त्यात शेतीच्या वादाला आणि जातीच्या द्वेषाला बगल देऊन 'अनैतिक संबंधा'ची कुजबुज बातमी म्हणून पुढे केली गेली. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शाई उडवण्यात आली! त्या दिवशी त्या वृत्तपत्रांच्या टेबलावर आमच्या वस्तीत वाढलेली एखादी उपसंपादक बसलेली असती, तर ती मजकूर हातात घेऊन उठली असती आणि तिने विचारले असते, "हे कोणी सांगितले? पोलिसांनी की मारणाऱ्यांनी?" हा एक प्रश्न विचारणारे माणूस टेबलावर असणे किंवा नसणे, यालाच आम्ही प्रतिनिधित्व म्हणतो.

आता पैशाच्या बाजूकडे वळू. वृत्तपत्र बातमीवर नव्हे, जाहिरातीवर चालते हे उघड गुपित आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, आणि पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. जाहिरात हा नुसता व्यापार नसतो, त्यातही जात असते, हे आम्हाला तेव्हाच कळले.

आज हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. तालुक्याचा वार्ताहर हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. त्याला मिळते थोडेसे मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन. जाहिराती देणार कोण? कारखान्याचा चेअरमन, बाजार समितीचा सभापती, शिक्षणसंस्थेचा मालक, वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून घेणारा पुढारी. ज्याच्या वाड्यावर आमची आजी दारात उभी राहून भाकरी मागत होती, त्याच्याच दिवाणखान्यात नातीने अर्धा पानाची जाहिरात मागायला जायचे! ती मिळाली तर त्याच्याविरुद्धची बातमी लिहायची नाही आणि नाही मिळाली तर वार्ताहरपद जाते. पुरुष वार्ताहर निदान रात्री ढाब्यावर बसून हे संबंध राखतो. बाईने ते कसे राखायचे? म्हणूनच तालुक्याच्या पातळीवर स्त्री वार्ताहर दिसत नाही. तिच्यात कुवत नाही हे खोटे आहे; व्यवस्थाच अशी बांधली आहे की तिने आत येऊ नये.

आणि जी आत येते, तिच्यापुढे दुसरे संकट उभे असते. २०१८ साली देशातील अनेक स्त्री पत्रकारांनी वरिष्ठांकडून झालेल्या छळाला वाचा फोडली. त्या बहुतेक महानगरांतल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या होत्या. त्यांनी धैर्य दाखवले, त्याबद्दल आम्ही त्यांना सलाम करतो. परंतु जिल्ह्याच्या आवृत्तीत आठ हजारांवर राबणारी मुलगी बोलली, तर तिच्या मागे कोण उभे राहणार? कायदा तिच्याही बाजूने आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. प्रत्येक भगिनीने हे पाठ करून ठेवावे, आणि मुलाखतीच्या दिवशी "तुमच्याकडे समिती आहे का?" हे विचारायला बिचकू नये.

मग वाट आहे की नाही? आहे! उत्तर प्रदेशातील चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' हे पत्र सुरू झाले. ते चालवणाऱ्या स्त्रिया गावखेड्यातल्या, बहुतांश दलित, काही आदिवासी आणि मुस्लिम. कित्येक जणी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकलेल्या. बातमी आणणे, छायाचित्र काढणे, पान लावणे, आणि गठ्ठा काखेत मारून एसटीने गावोगावी अंक विकणे, सगळे त्यांनीच केले. २००९ साली त्यांना युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. २०१५ साली एक माणूस महिनोन्महिने फोनवरून त्यांना घाणेरड्या धमक्या देत होता आणि पोलीस हलत नव्हते. त्यांनी ते जाहीरपणे लिहिले, तेव्हा कुठे अटक झाली. नंतर छापील अंक सोडून त्यांनी मोबाइल हाती घेतला. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि त्यात आपले काम एकांगी दाखवले आहे असे वाटले, तेव्हा तेही त्यांनी ठणकावून सांगितले. जगाने टाळ्या वाजवल्या तरी आपली गोष्ट आपणच सांगू, हा त्यांचा बाणा आहे. दिल्लीत मीना कोतवाल यांनी २०२१ साली 'द मूकनायक' सुरू केले, तेही याच बाण्याने.

महाराष्ट्रातल्या मुलींपुढेही दारे आहेत, ती माहीत करून घेतली पाहिजेत. राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यात माहिती अधिकाऱ्यांची पदे असतात, तिथे जातीनिहाय आरक्षण आहे आणि स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत पत्रकारितेचे विभाग आहेत. खाजगी क्षेत्रात मात्र आरक्षण नाही, तिथे आडनाव बघणारी नजर आहे. म्हणून एकाच कामाच्या भरवशावर राहू नये. लिहिणाऱ्या मुलीने संपादन, मुद्रितशोधन, व्हिडिओची जुळणी शिकावी. आणि जाहिरात-मार्केटिंगला कमी लेखू नये. ज्याच्या हातात पैशाची चावी असते, त्याच्याच हातात उद्या संपादकीयाची लेखणी असते. आमच्यातली एखादी बाई जाहिरात विभागाची प्रमुख झाली, तर चळवळीचे पत्र दोन वर्षे जास्त जगेल.

आता आमची झाडाझडती. त्या मुलीने प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही तिला काय सांगितले? आम्ही तिला चहा पाजला, सावित्रीमाईंचे दाखले दिले आणि म्हणालो, "८ मार्चच्या पुरवणीसाठी एक लेख लिहून दे." ती हसली. म्हणाली, "सर, ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, ८ मार्चला महिला दिन. उरलेले दिवस कोण लिहितं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बातमीदारांच्या टेबलावर सगळे पुरुष. पान लावणारे पुरुष. जाहिरात आणणारे पुरुष. स्त्री एकच होती, ती फोन घेत होती. १४ एप्रिलच्या अंकात शुभेच्छांची पानेच्या पाने छापणारी आमची पत्रे तिला पगारी जागा देताना मात्र हात आखडतात. आमच्याकडे पैसा नाही, हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. पैसा नसतानाही पुरुषाला टेबल मिळतेच. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरला महिला परिषदेत सांगितले होते की, समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ही मोजपट्टी आम्ही दुसऱ्यांच्या पाठीवर ठेवतो. ती आता आमच्या कार्यालयात आणून ठेवण्याची वेळ आली आहे.

म्हणून आम्ही चळवळीतील सर्व नियतकालिकांना, स्वतःला धरून, जाहीर आवाहन करतो. प्रत्येक पत्राने निदान एक पगारी उपसंपादक आणि एक पगारी बातमीदार स्त्री नेमावी. तिला गुन्हे, राजकारण आणि अर्थकारण द्यावे, नुसती पाककृती नव्हे. रात्री काम असेल तर तिला घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाने घ्यावी. जयंती मंडळांनी मिरवणुकीच्या डीजेवरचा खर्च थोडा कमी करून तालुक्यातील एका मुलीच्या पत्रकारितेच्या शिक्षणाची फी भरावी. आणि घरच्यांनी, विशेषतः बापांनी आणि भावांनी, "बातम्यांचा धंदा बाईमाणसाचा नाही" हे वाक्य कायमचे सोडून द्यावे. ते वाक्य मनूचे आहे, आमचे नाही.

ती मुलगी जाताना तिचा अर्ज टेबलावर ठेवून गेली आहे. तो फाईलमध्ये जाऊ नये यासाठी आम्ही व्यवस्थापनाशी भांडत आहोत. भांडण जिंकलो तर या पानावर तिचे नाव ८ मार्चला नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी वाचायला मिळेल. हरलो तर तेही याच जागी लिहू.

जयभीम!