मामाची पोरगी आणि सतरा नंबरचं क्रोमोझोम

‘मामाची पोरगी म्हणजे घरातलीच की!’ शाहूपुरीतल्या आमच्या घरी हे वाक्य हल्ली चहाबरोबरच येतं. मी पुण्यात आयटीत. शुक्रवारच्या रात्रीच्या बसने कोल्हापूर गाठायचं आणि दोन दिवस स्वतःच्या लग्नाची चर्चा ऐकायची!

मामेबहिणीबद्दल तक्रार नाही. खरं सांगू? ती मला आवडते. अडचण आहे ती माझ्या धाकट्या भावामुळे. लहानपणी त्याचा घोळणा फुटला की उशीचा अभ्रा बदलावा लागायचा. दाढ काढली तेव्हा रात्रभर रक्त थांबेना. प्लेटलेट्स मोजल्या, तर नॉर्मल! बऱ्याच वर्षांनी नाव कळलं: ग्लांझमान थ्रॉम्बॅस्थेनिया. एडुआर्ड ग्लांझमान या स्विस बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये याचं वर्णन केलं होतं.

जखम झाली की प्लेटलेट्स एकमेकींना धरून बांध घालतात. धरायला त्यांच्या अंगावर इंटिग्रिन नावाचं रिसेप्टर प्रोटीन असतं, एकेका प्लेटलेटवर साधारण ८०,०००. त्यात फायब्रिनोजेनची दोरी अडकते आणि साखळी तयार होते. हे प्रोटीन दोन तुकड्यांचं, म्हणून जीन्सही दोन: आयटीजीएटूबी आणि आयटीजीबीथ्री. दोन्ही सतराव्या क्रोमोझोमवर. भावाचा बिघाड आयटीजीबीथ्रीत. प्लेटलेट्स भरपूर, पण धरायला हातच नाहीत.

या जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो. एक आईकडून, एक बाबांकडून. दोघंही ठणठणीत, कारण एक चांगली प्रत पुरते. आणि बाबांनीही मामाचीच मुलगी केलेली!

आता माझं गणित. मला आजार नाही, पण मी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तीच प्रत आईच्या माहेरून मामाकडे, मामाकडून तिच्याकडे गेलेली असू शकते. दोघंही वाहक निघालो, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. ऑफिसात याहून कमी रिस्कवर प्रोजेक्ट थांबवतात राव!

भावाचा नेमका बिघाड सापडलाय, त्यामुळे आमच्या रक्तात फक्त तोच शोधायचा. परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे. तिथे विचारायचं ठरवलं.

घरी विषय काढला, तर आजी म्हणाली, ‘आता रक्ताची नाती रक्त तपासून करायची होय रे?’

रात्री तिलाच फोन केला. सगळं ऐकून ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘तू एकटाच कशाला जातोस? मीपण येते.’

महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत. आजीला अजून सांगितलेलं नाही.